मतदार यादीपासून ग्रामसभेपर्यंत

(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि मतदार-शिक्षणाचे काम करणारे स्वयंसेवक यांच्या मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या मेळाव्याच्या निमंत्रणपत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय 'मतदार जागृती' असा छापलेला आहे. या शब्दाविषयी माझी थोडी तक्रार आहे आणि तिच्यापासूनच आरंभ करण्याची आपण मला परवानगी द्यावी. जागे करावयाचे ते झोपलेल्या माणसाला. या दोन जिल्ह्यांतील मतदार झोपलेला आहे काय? १९ एप्रिल २०२४ रोजी लोकसभेसाठी विदर्भातील पाच मतदारसंघांत एकाच दिवशी मतदान झाले. नागपूरसारख्या सर्व सोयींनी युक्त अशा शहरात ते सुमारे ५४ टक्के होते. चंद्रपूर मतदारसंघात ते साडेसदुसष्ट टक्क्यांच्या आसपास गेले आणि गडचिरोली-चिमूरमध्ये जवळजवळ ७२ टक्क्यांवर पोहोचले. हे मतदान कोणत्या परिस्थितीत झाले, हेही पाहा. सुरक्षिततेच्या कारणास्तव जंगलव्याप्त भागांत मतदानाची वेळ सकाळी ७ ते दुपारी ३ अशी आखूड ठेवलेली होती. दिवस मोहफुलांचे होते. मोह पहाटे गळतो आणि उन्हे चढण्यापूर्वी तो वेचावा लागतो. ज्या सकाळी घरातील चार हात झाडाखाली असावयास हवेत, त्याच सकाळी माणसे मैलोन्‌मैल चालत केंद्रावर आली व रांगेत उभी राहिली. अशा मतदाराला जागे करण्यास आपण निघालो आहोत, असे म्हणताना मला तरी संकोच वाटतो.

मग आपले काम काय? या प्रश्नाचे उत्तर मला फार पूर्वी एका वृद्ध गृहस्थाने दिले, ते सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी भामरागड तालुक्यातील एका गावी फलक आणि पत्रके घेऊन गेलो होतो. फलकावरील मराठी अत्यंत शुद्ध होते. ते मीच लिहिले होते. गाव माडिया बोलणारे होते. त्या शुद्ध मराठीचा तेथे काही उपयोग नाही हे ध्यानात येण्यास मला फारसा वेळ लागला नाही. शाळेचे गुरुजी दुभाषी झाले आणि मी मताचे महत्त्व सांगू लागलो. एक म्हातारबा शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारले, "मत पेटीत टाकल्यावर ते कुठे जाते?" मी मतमोजणीची माहिती दिली. ते म्हणाले, "ते नाही. मत तिकडे गेले, हे समजले. त्यानंतर आम्ही कुठे जायचे, ते सांगा." माझ्या पत्रकात याचे उत्तर नव्हते. आज मी जे बोलणार आहे, ते त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजावे.

मतदानाचा दिवस हा पाच वर्षांतील एक दिवस. त्या दिवसापुरते आपले मतदार पुरेसे जाणते आहेत. त्या दिवसाच्या आधी मतदार यादी असते आणि नंतर ग्रामसभा. शिक्षणाची खरी गरज आहे ती या दोन ठिकाणी आणि तेथेच आपला स्वयंसेवक क्वचित दिसतो.

यादीचा विचार प्रथम करू. कारण पुढचे सर्व काही तिच्यावर उभे आहे. पुष्कळांना वाटते की मतदार यादी ही निवडणुकीपुरती उघडावयाची वही आहे. वस्तुतः आपल्या संविधानाने ग्रामसभेची व्याख्या करताना, पंचायतीच्या क्षेत्रातील गावाच्या मतदार यादीत ज्यांची नावे आहेत अशा व्यक्तींची ती सभा, असे म्हटले आहे. म्हणजे यादीतून ज्याचे नाव गेले, त्याची दिल्ली-मुंबईतली जागा तर गेलीच, पण स्वतःच्या गावच्या चावडीतली जागाही गेली. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. परंतु त्याही विधानसभेच्या यादीवरूनच, तिचे प्रभागवार विभाजन करून घेतल्या जातात. वही एक आणि तिच्यातून उघडणारी दारे अनेक.

यादीत नाव नसणे हा प्रकार आपल्या प्रजासत्ताकाइतकाच जुना आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी आपला चांदा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता. त्या वेळी देशात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. कारण असे की, नोंद करणाऱ्यांना त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नाही; अमक्याची आई, तमक्याची बायको एवढीच ओळख दिली. मध्य प्रदेश हा त्यात प्रमुख असलेल्या राज्यांपैकी एक होता. आज स्त्रिया नाव सांगतात. परंतु लग्न होऊन सासरी आलेल्या मुलीचे नाव माहेरच्या यादीत राहते आणि सासरच्या यादीत येत नाही, हे आजही प्रत्येक गावी आढळेल. स्थलांतराची नोंद नमुना ८ भरून करता येते. नवीन नोंदणीसाठी नमुना ६ आहे आणि नाव कमी करण्यासाठी नमुना ७. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख गाठावी लागे. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखांपैकी ज्या तारखेस अठरा वर्षे पूर्ण होतील, तिच्या आधारे नाव नोंदविता येते. कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकांनी एवढे जरी वर्गात सांगितले, तरी पुष्कळ काम होईल.

यादी शुद्ध नसल्याने प्रत्यक्ष काय बिघडते, याचे एक उदाहरण देतो. या दोन जिल्ह्यांना दारूबंदीचा प्रश्न नवा नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी व गावोगावच्या स्त्री-पुरुषांनी चालविलेल्या चळवळीनंतर १९९३ मध्ये दारूबंदी आली. चंद्रपूर जिल्ह्यातील स्त्रिया डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळावर पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून तेथे बंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये ती उठविण्याचा निर्णय झाला. या निर्णयांच्या गुणदोषांत मी शिरत नाही. ते माझे काम नव्हे. मला सांगावयाचे आहे ते मतदानाविषयी. गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी आपल्या राज्यात स्त्रियांच्या मतदानाची तरतूद झाली आणि ती 'उभी बाटली, आडवी बाटली' या नावाने घरोघरी माहीत झाली. २००८ च्या आदेशानुसार आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मते पडावी लागत, आणि हे निम्मे मोजले जाई ते पडलेल्या मतांचे नव्हे, तर यादीतील एकूण महिला मतदारांचे.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. समजा, गावच्या यादीत स्त्रियांची ६०० नावे आहेत. ३०१ मते हवीत. त्या ६०० पैकी ९० नावे वारलेल्या आजीबाईंची, सासरी गेलेल्या मुलींची आणि गाव सोडून गेलेल्या कुटुंबांतील स्त्रियांची असतील, तर प्रत्यक्षात गावी असलेल्या ५१० स्त्रियांमधूनच ३०१ मते मिळवावी लागतात. त्या नव्वद नावांपैकी एकही मत द्यायला येत नाही. पण प्रत्येक नाव आडव्या बाटलीच्या विरुद्ध मोजले जाते. पडलेल्या मतांत मोठे बहुमत असूनही स्त्रिया हरल्या, अशी उदाहरणे राज्यात घडली आहेत. सभा झाल्या, फेऱ्या निघाल्या, घोषणा झाल्या. यादी मात्र कोणी वाचली नव्हती.

याच्या उलट अनुभव मिरची तोडणीचा आहे. आपल्या दक्षिणेकडील तालुक्यांतून धान निघाल्यावर मजुरांच्या टोळ्या तेलंगणात मिरची तोडण्यास जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. यादीची पडताळणी करणारा घरी येतो तेव्हा दाराला कुलूप असते. शेजारी 'गेले' एवढेच सांगतो आणि 'गेले' या शब्दाचे अर्थ मराठीत अनेक आहेत. कायदा येथे मजुराच्या बाजूने स्पष्ट आहे. राहत्या ठिकाणाहून तात्पुरते बाहेर गेल्याने कोणाचेही सर्वसाधारण रहिवासीपण संपत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमातच तसे म्हटले आहे. गावात राहणाऱ्या, कुलूप कोणाचे किती दिवसांचे हे ठाऊक असणाऱ्या स्वयंसेवकाने ही गोष्ट मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, ज्यांना आपण सर्वजण बीएलओ म्हणतो त्यांना, वेळेवर सांगितली तर एक नाव वाचते. बीएलओ बहुधा आपल्यातीलच शिक्षक अथवा अंगणवाडी सेविका असतात आणि त्यांच्यावर आधीच किती कामांचा भार आहे हे मी सांगावयास नको.

जिवती तालुक्यातून आलेली मंडळी येथे बसली आहेत. त्यांचा प्रश्न आणखी निराळा. त्या तालुक्यातील चौदा गावांवर महाराष्ट्राचा आणि शेजारच्या राज्याचा, म्हणजे पूर्वीच्या आंध्र प्रदेशाचा व २०१४ नंतर तेलंगणाचा, असा दोहोंचा दावा राहिला. तेथील कुटुंबांकडे वर्षानुवर्षे दोन शिधापत्रिका, दोन मतदार ओळखपत्रे, दोन राज्यांच्या शाळा आणि दोन सरपंच, अशी स्थिती होती. महाराजगुड्यासारख्या ठिकाणी तर सीमारेषा घरांमधूनच जाते. २०२४ मध्ये चंद्रपूरचे मतदान १९ एप्रिलला आणि तेलंगणातील १३ मे रोजी होते. दोन्हीकडे मत देता येईल इतके अंतर मध्ये होते. कायद्याने एका व्यक्तीचे नाव एकाच मतदारसंघाच्या यादीत असावयास हवे आणि मतही एकाच ठिकाणी द्यावयास हवे. स्वयंसेवकाने हे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. परंतु ते सांगताना त्या गावकऱ्याला लबाड ठरवू नये. रस्ता एका राज्याने केला, धान्य दुसऱ्याने दिले, जमिनीच्या कागदाची आशा दोघांकडून; अशा ठिकाणी माणूस दोन्ही दोर धरून ठेवतो. एक नाव सोडल्यास आपला जमिनीवरचा हक्क जाईल की काय, ही त्याची भीती आधी ऐकून घेऊन ती तहसील कार्यालयापर्यंत पोहोचविणे, हे मला त्या भागातील मतदार-शिक्षणाचे पहिले पाऊल वाटते. भीतीचे उत्तर न देता नियम वाचून दाखविणाऱ्याचे कोणी ऐकत नाही आणि न ऐकण्यात त्यांची चूकही नसते.

आता स्वयंसेवकाविषयी थोडे बोलतो. निःपक्षपणा ही सर्वत्रच आवश्यक गोष्ट. आपल्याकडे ती स्वयंसेवकाची एकमेव पुंजी आहे. या अरण्यप्रदेशात अनेक निवडणुकांच्या वेळी नक्षलवाद्यांची बहिष्काराची पत्रके झाडांवर लागली. मतदान पथके हेलिकॉप्टरने आणि पायी पोहोचविली गेली. ज्या गावी एका बाजूने मत देऊ नका असे बजावले जात होते आणि दुसऱ्या बाजूने आम्हालाच द्या असे सांगितले जात होते, तेथे तिसरा माणूस येऊन 'मत द्या, कोणाला ते तुम्ही ठरवा' असे म्हणतो, तेव्हा त्याच्यावर विश्वास का ठेवावा? त्याच्या शब्दावर कोणी ठेवत नाही. त्याच्या वागण्यावर ठेवतात.

एका तरुण शिक्षकाने मला आपली हकीकत सांगितली होती. दूरच्या पाड्यावर सभा होती, पायवाट लांबची, ऊन कडक. मागून एका उमेदवाराची गाडी आली आणि ओळखीच्या माणसाने त्याला बसवून घेतले. गाडीत निवडणुकीचा एक शब्दही कोणी काढला नाही. परंतु पाड्यावर तो उतरला तो त्या गाडीतून. पुढे त्याने दोन तास जे सांगितले, ते सर्व त्या गाडीचे बोलणे ठरले. दुसरी गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली. प्रात्यक्षिकाच्या मतदान यंत्रावर खऱ्या पक्षांची चिन्हे ठेवीत नाहीत, त्याऐवजी बनावट चिन्हे असतात, हे आपण जाणताच. एक उत्साही कार्यकर्ता प्रत्येक वेळी सोयीचे म्हणून पहिलेच बटण दाबून दाखवीत असे. चार प्रात्यक्षिकांनंतर एक बाई शेजारणीला समजावीत होत्या की, यंत्राचे वरचे बटण खरे आणि बाकीची शोभेची. तेव्हापासून मी सर्वांना सांगतो की, बटण स्वतः दाबू नका. समोरच्याला दाबू द्या. आणि 'वरीलपैकी कोणीही नाही' हे २०१३ पासून आलेले शेवटचे बटणही तितक्याच सहजतेने दाखवा. ते दाखविल्याने मतदान वाया जाते, अशी काहींची समजूत आहे. मतदाराला पर्याय माहीत करून देणे एवढेच आपले काम. त्यातील कोणता निवडू नये, हे सांगणे आपल्या कामात बसत नाही.

भाषेचा मुद्दा मी माझ्या फलकाच्या गोष्टीत सांगितलाच. भामरागड-एटापल्लीकडे माडिया, धानोऱ्याकडे गोंडी, कोरचीकडे छत्तीसगढी, सिरोंचात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या निर्वासित वसाहतींत बंगाली आणि वैनगंगेच्या काठाने झाडीबोली. एवढ्या बोलींत पत्रके छापणे कोणत्याही कार्यालयाच्या आवाक्यातले नाही. पण त्या त्या बोलीत बोलणारा माणूस त्या त्या गावी असतोच. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरतात. शंकरपटाच्या निमित्ताने रात्री मांडवाखाली सारा परिसर लोटतो. अशा नाटकाच्या आधी पाच मिनिटे यादीतील चुकांविषयी त्याच बोलीत कोणी सांगितले, तर ते शंभर पत्रकांपेक्षा अधिक लोकांपर्यंत जाते. दंडारीच्या सोंगाड्याच्या तोंडी तर ते अधिकच शोभते. मात्र सोंगाड्याला कोणी पक्षाने बिदागी दिलेली नाही, याची आधी खात्री करून घ्यावी.

येथपर्यंत मतदानाच्या आधीचे झाले. त्या म्हाताऱ्या गृहस्थाचा प्रश्न पुढचा होता. मत दिल्यानंतर कुठे जायचे?

धानोरा तालुक्यातील मेंढा या गावाचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. लेख्याजवळचे म्हणून मेंढा-लेखा असे ते ओळखले जाते. शंभराच्या आसपास उंबऱ्यांचे हे गोंड वस्तीचे गाव. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली व भोपालपट्टणम या नियोजित धरणांच्या विरोधातील आंदोलनातून या भागात स्वशासनाचा विचार आला. देवाजी तोफा आणि गावकरी मंडळी, तसेच चंद्रपूरच्या वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांनी तो विचार मेंढ्यात रुजविला. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्या गावाची घोषणा. या घोषणेचा दुसरा भाग लोक मोठ्याने म्हणतात, पहिल्याकडे दुर्लक्ष करतात. मला पहिला भाग तितकाच महत्त्वाचा वाटतो. दिल्ली-मुंबईतील सरकार 'त्यांचे' नाही, 'आमचे' आहे; कारण ते आम्ही मत देऊन निवडले. आणि गावातील कारभार मात्र आम्ही कोणावर सोपविणार नाही, तो स्वतः बसून करू. मताने कोठे थांबायचे आणि माणसाने स्वतः कोठून सुरुवात करायची, याची रेषा त्या एका वाक्यात आखलेली आहे.

मेंढ्यातील व्यवस्थेत दोन बैठका निरनिराळ्या ठेवलेल्या आहेत आणि आपल्या कामाच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत शिकण्यासारखी आहे. एक अभ्यास गट आणि दुसरी ग्रामसभा. अभ्यास गटात कोणीही बसावे, बाहेरच्या जाणकाराला बोलवावे, कायदा वाचावा, वाद घालावा. तेथे निर्णय मात्र होत नाही. निर्णय होतो तो ग्रामसभेत आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो, पुन्हा चर्चा होते. बाहेरून आलेल्या शिकलेल्या माणसाला अभ्यास गटात हवे तेवढे बोलता येते. ग्रामसभेत निर्णय गावाचा. निःपक्ष स्वयंसेवकाची जागा कोणती, असे मला कोणी विचारले तर मी या अभ्यास गटाकडे बोट दाखवीन. माहिती द्यावी, प्रश्नाला उत्तर द्यावे आणि निर्णयाच्या वेळी तोंड मिटून बसावे. शिक्षकांना हे जमते, कारण परीक्षेच्या दालनात त्यांना तसे बसण्याची सवय असते. आम्हा माहिती खात्यातील लोकांना ते जड जाते, हे कबूल करतो.

अशा अभ्यासाचे फळ काय मिळाले, तेही पाहा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मेंढा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. देशातील अगदी पहिल्या गावांत त्याची गणना झाली. बांबू हे गौण वनोपज आहे, असे कायद्यातच लिहिलेले होते; तरीही तो विकण्यासाठी लागणाऱ्या वाहतूक परवान्याचा प्रश्न सुटण्यास २०११ उजाडले. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावी आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. दरम्यानच्या काळात गावकऱ्यांनी कायद्याची कलमे दाखवून पत्रव्यवहार केला. ती कलमे त्यांना अभ्यास गटात पाठ झाली होती. २०१३ मध्ये त्याच ग्रामसभेने ग्रामदान कायद्याखाली जमीन ग्रामसभेकडे सोपविण्याचा निर्णय घेतला. चंद्रपूर जिल्ह्यातही गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टर वनाचा हक्क मिळाला. तेथील ग्रामसभेने बांबूची विक्री स्वतः हाती घेतली. आणि तेंदूपत्ता तोडण्यासाठी झाडे छाटतात, वणवे लावतात, म्हणून हमखास पैसा देणारे ते संकलनच बंद ठेवले. हा निर्णय वरून कोणी सांगितला असता, तर गावाने मोर्चा काढला असता.

पंचायत सदस्यांनी येथे कायद्यातील एक फरक ध्यानात ठेवावा. ग्रामपंचायत अधिनियमाखालील ग्रामसभेस गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी कमी असेल ती लागते. ती न झाल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. वनहक्क कायद्याच्या नियमांखाली मात्र गावातील सर्व प्रौढांची सभा असते. निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. एकाच चावडीत, त्याच सतरंजीवर, दोन कायद्यांच्या दोन सभा भरतात आणि दोहोंची मोजणी वेगळी असते. तहकूब सभेची सवय आपल्याला इतकी लागली आहे की, दवंडी पिटताना कोतवालच मनातून दुसरी तारीख ठरवून ठेवतो. त्या सवयीने वनहक्काची सभा घेतली, तर ठराव टिकत नाही आणि गावाचे नुकसान होते.

सर्वसंमतीविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. मेंढ्याचे नाव घेऊन काही जण बिनविरोध निवडणुकीची भलावण करतात. त्या दोन गोष्टी एक नव्हेत. सर्वसंमतीत प्रत्येकाला नाही म्हणण्याचा अधिकार असतो. बिनविरोध निवडणुकीत पुष्कळदा नाही म्हणणाऱ्यास आदल्या रात्री समजावलेले असते. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकांच्या वेळी नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांचा लिलाव झाल्याचे उघडकीस आले आणि राज्य निवडणूक आयोगाने तेथील निवडणुका रद्द केल्या. लिलावाची रक्कम देवळासाठी असो की रस्त्यासाठी, मत विकले गेले ते गेलेच. आपल्याकडे असे झालेले माझ्या कानी नाही. परंतु दारू-कोंबड्याच्या रात्री आपल्याकडेही असतात, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या रात्री स्वयंसेवकाने भाषण करू नये, ते कोणी ऐकत नाही. त्याची वेळ मधल्या साडेचार वर्षांत असते.

म्हणून माझी एकच सूचना आहे आणि ती खर्चाची नाही. वर्षातून निदान एकदा, एखाद्या ग्रामसभेला जोडून, गावच्या मतदार यादीचे चावडी वाचन करावे. वाचन शिक्षकाने करावे, शेजारी बीएलओने बसावे आणि कोणत्याही पक्षाच्या कार्यकर्त्यास यायचे असल्यास येऊ द्यावे, मात्र सर्वांना. त्याआधी स्त्रियांची सभा घ्यावी, कारण सुनांची आणि लेकींची नावे कोठे आहेत हे पुरुषांना सांगता येत नाही.

गेल्या काही वर्षांत मी असे एक वाचन पाहिले. गाव वैनगंगेच्या या काठाचे. गुरुजी एकेक नाव वाचीत होते आणि ओसरीवरून उत्तरे येत होती : आहे, आहे, वारले, वडशाला दिली, आहे. एका नावाला कोणीच उत्तर दिले नाही. मागून कोणी म्हणाले, "ती गेली." गुरुजींनी पेन उचलले. तेव्हा खांबाला टेकून बसलेल्या एक बाई उठून उभ्या राहिल्या. सभेत बोलण्याची त्यांना सवय नसावी, पदर सावरीत त्या म्हणाल्या, "गेली म्हणजे मिरची तोडाले गेली, गुरुजी. पाडव्याले येते. तिचं नाव राहू द्या." गुरुजींनी पेन खाली ठेवले आणि पुढचे नाव वाचले.